हाय नाय, हाय नाय

रहमिन, तुझ्या मातीला नऊच पुरुष जमले होते. तुमच्या प्रार्थनेला दहा लागतात हे मला तूच एकदा सांगितलं होतंस, म्हणून मीही मनातल्या मनात मोजत होतो. पेणच्या इस्रायल आळीत तुमची ज्यूंची घरं आता उरलीत किती? काही जण पनवेलहून आले, काही ठाण्याहून, आणि दहावा अलिबागेहून निघाला होता तो वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकला. सगळे उन्हात उभे. तुझा मावसभाऊ दर दोन मिनिटांनी फोन कानाला लावत होता.

मी फाटकापाशी होतो, डोक्याला रुमाल बांधून. सत्तरीचा असलो तरी धडधाकट पुरुष. पण मी मोजणीत नव्हतो. त्यात कुणाचा दोष नाही, तुमची रीत आहे, आणि माझ्यासाठी रीत मोडा असं मी म्हणणार नाही. तरी मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. तीस वर्षांपूर्वी तू मला मोजणीतून काढलंस ते काढलंसच, जाताना पुन्हा एकदा काढलंस.

दहावा आला, प्रार्थना झाली, मीही तीन मुठी माती टाकली. माती टाकताना माणूस काहीतरी चांगलं म्हणतो. मी मनात म्हणालो, रहमिन, तू मला फसवलंस. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुझ्याबद्दल कुणाकडे बोलत नाहीये, तुझ्याशीच बोलतोय, आणि तुझ्याशी मी गोड कधी बोललो होतो?

आपली ओळख कंपनीतल्या सत्यनारायणाच्या पूजेची. धाटावला तू स्टोअरमध्ये होतास, मी प्लांटवर. पूजेच्या दिवशी संध्याकाळी कामगारांचा कार्यक्रम व्हायचा आणि त्यात निडीच्या जनूची, म्हणजे माझी, ढोलकी ठरलेली. त्या वर्षी तू गिटार घेऊन आलास. कॅन्टीनचा आचारी म्हणाला, "ह्यो बाबा आता काय इंग्लिश वाजवनार?" तू खुर्चीवर बसलास, मान खाली घातलीस आणि तासाभरापूर्वी झालेल्या आरतीची चाल वाजवायला लागलास. चाल तीच होती, पण जाड तारांवर तुझा अंगठा दुसरंच काहीतरी चालवत होता, होडीत बसल्यासारखं हेलकावणारं. आधी सगळे टाळ्या वाजवत होते. मग हळूहळू टाळ्या थांबल्या, कारण लोकांना ऐकायचं होतं. मला राहवलं नाही, मी ढोलकीवर बोटं टेकवली. तू मान वर करून बघितलंस. तिथून आठ वर्षं आपण एकत्र वाजवलं.

रविवारी मी निडीला गाडीत बसायचो, तू पेणला चढायचास आणि हमरापूरला दोघं उतरायचो. तुझ्या शाळेतल्या मधूचा तिथे गणपतींचा कारखाना. अजून रंग न लागलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या मधे रंगाचे दोन डबे उलटे टाकून आपण बसायचो. शेड रिकामी असली की बरं, पण काम चालू असलं तरी आपल्याला कुठे लाज होती? तू वाजवायला लागलास की रंगवणाऱ्या बायकांचे हात मंद व्हायचे. गुलाब डोळ्यांची आखणी करायची. तिनं एकदा ब्रश पाण्यात टाकला आणि म्हणाली, "रहमिन, थांबव रं जरा. डोला वाकरा झाला माज्या गनपतीचा." मधूनं त्या दिवसापासून नियम केला, डोळ्यांचं काम चालू असताना गिटार पेटीत.

तुझ्या वाजवण्यात काय नव्हतं? तुमच्या सिनेगॉगमधली प्रार्थनेची चाल होती, खाडीवरच्या कोळणींचं गाणं होतं, आमचं भजन होतं आणि रेडिओवर कुठून कुठून ऐकलेले परदेशी तुकडे होते. सगळं एकात एक असं शिरायचं की एक कुठे संपलं नि दुसरं कुठे लागलं ते कळायचं नाही. तुझी आई म्हणायची, ही तर आपली सणाची प्रार्थना. गुलाब म्हणायची, "आमचंच गानं हाय." मला पहिल्यापासून त्यात भजन ऐकू यायचं. गाण्याला शब्द असले की ते कुणाचं तरी होतं आणि बाकीच्यांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं. तुझ्या तारांना शब्द नव्हते, म्हणून जो येईल तो आत. मला तेव्हा हे फार मोठं वाटायचं, आजही वाटतं. पण जे सगळ्यांचं असतं त्याच्यावर नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न तुला कधी पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं. नाव आपोआप तुझंच लागत होतं.

मला तुझ्या घरी कधी परकं वाटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. तुझ्या बहिणीच्या, रिबकाच्या मुलाच्या सुंतेला तू मला प्रार्थनेला घेऊन गेलास. मी पाय दुखतात म्हणून समोरच्या चांगल्या कोरीव खुर्चीवर टेकणार, तेवढ्यात तू माझा दंड धरून मागे ओढलंस. "तिथं नाय बसायचं, जनू. ती जागा सोडलेली आहे." कुणासाठी, तर तुमच्या संदेष्ट्यासाठी. तो येतो, दिसत नाही, पण त्याची खुर्ची मांडायची आणि मोकळी ठेवायची. मी म्हणालो, "आणि नाय आला तर?" तू म्हणालास, "तरी मांडायची." त्या दिवशी तुझ्या आईनं मला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या ताटात दोनदा गोड वाढलं.

आता ठेक्याचं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण तू ते कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मला एकदा सांगू दे.

तूच मागे लागला होतास. "जनू, तू मधेच अडल्यासारखं काय वाजवतोस ते मला शिकव." ते माझे चुलते, आप्पा, गावच्या भजनात मृदंगावर वाजवायचे. आप्पांना धा धिं ना असले बोल ठाऊक नव्हते. त्यांनी मला शिकवलं ते आमच्याच बोलीत: हाय नाय, हाय नाय, व्हय. एक हात म्हणतो हाय, दुसरा म्हणतो नाय. असं दोनदा भांडण होतं आणि मग दोन्ही हात मिळून एकदाच, व्हय. पण तो व्हय मात्रेवर पडत नाही, किंचित मागे राहून येतो. आप्पा म्हणायचे, "व्हय लगेच नाय बोलायचा, जनू. मानूस असा पटकन कबूल होतो काय? जरा थांबायचा. समोरच्याला वाटला पायजे की आता काय येत नाय. मंग टाकायचा."

ते तुला शिकवायला मला अख्खा पावसाळा लागला. तुझी बोटं चलाख, पण व्हय तू नेमका मात्रेवर टाकायचास, शाळेत हजेरी दिल्यासारखा. मी तुझं मनगट धरून तुझा तळहात गिटारच्या लाकडावर आपटून घेतला. हाताची कड कुठे लागली की ते लाकूड ढोलकीसारखं घुमतं, ही जागा आपण दोघांनी मिळून शोधली. भाद्रपद लागायच्या आत तुला व्हय बरोबर यायला लागला, अगदी आप्पांसारखा. मी आनंदानं मधूकडून चहा मागवला. मला वाटत होतं आपलं दोघांचं जमत चाललंय. तू माझी जागा शिकून घेत होतास हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

मग तू रविवारी येईनास. शिफ्ट बदलली, आईला बरं नाही, पुढच्या रविवारी बघू. असे दोनेक महिने गेले. मी बहिणीच्या सासरी न्यायला पोह्याचे पापड घ्यायचे म्हणून पेणला गेलो होतो, तेव्हा एस.टी. स्टँडच्या भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला. मोठ्या अक्षरात तुझं नाव आणि खाली 'एकल गिटारवादन'. एकल हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा वाचला. मला वाटलं, गिटारचं नाव असेल. हवाइयन गिटार असते, तशी एकल गिटार. नवीन घेतली असशील. माझं नाव कागदावर नव्हतं, पण ढोलकीवाल्याचं नाव कागदावर असतं कधी? निरोप तू कुणाकडे तरी दिला असशील आणि तो पोचला नसेल, असं मी धरून चाललो. घरी येऊन ढोलकीच्या कड्या ओढल्या, इस्त्रीचा शर्ट काढला आणि रविवारी बायकोला बरोबर घेऊन निघालो.

दारात एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. त्यांनी ढोलकीकडे बघितलं. "हे काय?"

"साथीला," मी म्हणालो.

"अहो, पण एकल आहे."

"व्हय, ठाव हाय. एकल गिटार. मी ढोलकीवर."

त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, एकल म्हणजे एकट्याचं. त्या बिचाऱ्यांनाच लाज वाटली असावी, कारण त्यांनी आम्हाला तिसऱ्या रांगेत चांगल्या जागी नेऊन बसवलं. ढोलकी माझ्या मांडीवर.  बायकोनं आपला पदर पसरून ढोलकी अर्धी झाकली.

तू आलास, सगळ्यांना हात जोडलेस, आणि तिसऱ्या रांगेवर तुझी नजर थांबली. थांबली, रहमिन. मी बघितलं. मग तू खाली बसलास आणि वाजवायला लागलास. अर्ध्या तासानं म्हणालास, "आता जे वाजवणार आहे, त्याचा ठेका स्पेनमधल्या एका जुन्या नाचाचा आहे." लोकांनी माना डोलावल्या. आणि सुरू झालं: हाय नाय, हाय नाय. माझे आप्पा, ज्यांनी नागोठण्यापलीकडचा मुलूख धड बघितला नव्हता, ते पेणच्या हॉलमध्ये बसल्या बसल्या स्पेनचे झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तुझा वळसा समुद्रापलीकडून होता.

बरं, एवढं करून शेवटचा व्हय आलाच नाही. दोनदा भांडण झालं, तू हात उचललास, तो तसाच हवेत राहिला आणि तू पुढे निघून गेलास. पुढच्या फेरीला तेच, त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. पावसाळाभर घोटून घेतलेला व्हय गेला कुठे? मी मनात म्हणालो, घाबरलाय. चोरायचं तर नीट तरी चोर.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी तुला अष्टमीच्या पुलावर गाठलं. तेव्हा कामाच्या दिवसांपुरती तुझी खोली अष्टमीला होती. मी सायकल आडवी घातली.

"स्पेन कुठून काढलास?"

तू कठड्याला टेकलास. "जनू, निडी म्हटलं तर हसतात. स्पेन म्हटलं की ऐकतात."

"हसू देत. मला हसले असते. तुझा काय जात होता?"

"पण ऐकलं ना त्यांनी? शेवटपर्यंत ऐकलं."

"आनि मला उठवलास त्याचा काय?"

तू खाली कुंडलिकेच्या पाण्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "तुला कसं वाटलं ते सांग."

तिथे मी खोटं बोललो. म्हणालो, "पांगला वाटला. ढोलकीबिगर तुझा नाय चालत. आनि शेवटचा व्हय येत नाय तुला, इतका शिकवून." तू तोंड उघडलंस, काहीतरी सांगणार होतास, आणि मिटलंस. मग हसलास. मी म्हणालो, "गरज सरो, वैद्य मरो," आणि सायकलवर टांग मारली. ते तुझं हसणं मी तीस वर्षं कुजकट समजत आलो.

खरं काय वाटलं होतं ते आता सांगतो, तुला उपयोग नसला तरी. पांगळं अजिबात नव्हतं. एकटा माणूस खुर्चीवर बसलाय आणि ऐकणाऱ्याला वाटतंय की माजघरात पाचसहा माणसं बोलतायत, कुणी तक्रार करतंय, कुणी समजूत घालतंय, एक म्हातारी मधेच जुनं काहीतरी काढतेय. ऑर्केस्ट्रात दहा जण असतात आणि दहाही जण आपापलं वाजवत असतात. तू एकटा होतास आणि सगळे एकमेकांचं ऐकत होते. तारेवरून बोट सरकतं त्याचा जो बारीक आवाज होतो ना, तोसुद्धा मला आवडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अपमानाचं होतं असं मी हिला सांगितलं. थोडं होतंही. पण त्या पाण्यात दुसरंही काही होतं, आणि तेच तर सहन होत नव्हतं. तू वाईट वाजवलं असतंस तर मी तुला आठ दिवसांत माफ केलं असतं.

त्यानंतर आपण एकाच कंपनीत, एकाच कॅन्टीनमध्ये चौदा वर्षं जेवलो. काय बोललो? "बदली कुठं लागली?" "पाणी येतंय काय तुमच्याकडे?" तुझे कार्यक्रम वाढत गेले, पुण्याला, मुंबईला, आणखी कुठे कुठे. तुझी कॅसेट निघाली. मी ती घेतली नाही असं सगळ्यांना सांगितलं आणि घेऊन वालाच्या डब्यात लपवून ठेवली. पहिली पाळी करून दुपारी घरी आलो आणि घरात कुणी नसलं की लावायचो. एके दिवशी हिच्या हाताला लागली. हिनं वाल झटकून ती माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "ह्या काय किडं लागू नय म्हनून ठेवलाव?"  तिनंच ती पुसली आणि लावली. त्या कॅसेटवरही तो ठेका होता, वेष्टनावर 'स्पॅनिश' असं छापलेलं होतं, आणि व्हय तिथेही नव्हता. मी तिथल्या तिथे मांडीवर थाप मारायचो, त्या भोकात. हात आपोआप जायचा.

तुमची माणसं एकेक करून इस्रायलला गेली. रिबकाचे दोन्ही मुलगे गेले, तुझे काका गेले, शेजारचं घर गेलं. मला वाटायचं, आता तूही जाशील आणि माझा राग निदान लांब पडेल. तू गेला नाहीस. मधू सांगत होता, तू म्हणालास, "तिकडं जाऊन मी कुणाशी भांडू?" मला ते ऐकून बरं वाटलं होतं. भांडायला तू मला ठेवलंयस असं वाटलं. मग आलास का नाहीस भांडायला? निडी काय विमानानं जायचं गाव आहे? पेणहून तीन स्टेशनं.

आणि मी तरी कुठे आलो. महिन्यापूर्वी रिबकाचा फोन आला. "जनूभाऊ, रहमिन विचारतोय तुम्हाला. ढोलकी घेऊन ये म्हणतो." तिचा आवाज थकलेला होता. मला कळायला पाहिजे होतं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं तोंडावर आलं आणि मी म्हणालो, "एकलला ढोलकी कशाला लागते?" ती म्हणाली, "सांगते त्याला." तिनं सांगितलं का, हे विचारायचा मला धीर झालेला नाही. मी रोज ठरवत होतो की रविवारी जाऊ. दोन रविवार गेले, आणि तिसऱ्याच्या आधी तू गेलास. तू मला फसवलंस हे खरंच आहे, पण हे मात्र माझं आहे. हे तुझ्या खात्यावर टाकत नाही.

काल सातवा दिवस होता म्हणून तुझ्या घरी आलो. ढोलकी आणली नव्हती. घरात पाचसहा माणसं. रिबकानं पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि एका मुलीला हाक मारली. मयुरी तिचं नाव, बँकेत काम करते, सहा वर्षं तुझ्याकडे शिकत होती. रिबका म्हणाली, "आमच्यात ह्या दिवसांत वाजवत नाहीत. पण सात झाले, आणि रहमिननं सांगून ठेवलंय, जनू आला की मयुरीला वाजवायला सांग."

ती तुझ्याच खुर्चीत बसली. गिटारही तुझीच, तळहात पडून पडून लाकडाचा रंग जिथे गेला होता ती जागा मी ओळखली. तिनं दोन तुकडे वाजवले, नीट, सावकाश. मग आपला ठेका आला. आणि ती मुलगी, रहमिन, ओठातल्या ओठात म्हणत होती, हाय नाय, हाय नाय. मी बशी खाली ठेवली.

"हे काय बोलतेस तू?" मी विचारलं.

"बोल आहेत, काका. सरांनी असेच शिकवले. मला पहिल्यांदा वाटलं हिब्रू आहे."

"आणि पुढं?"

"पुढे काही नाही. इथे हात उचलायचा आणि थांबायचं. मी सुरुवातीला भरायचे ती जागा, रिकामं वाटतं ना. तर सर रागवायचे. इथे वाजवायचं नाही म्हणायचे. ही जागा सोडलेली आहे."

मला ती कोरीव खुर्ची आठवली आणि माझ्या दंडावरचा तुझा हात आठवला. रिबका माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक असावं.

म्हणजे तुला व्हय येत होता. तीस वर्षं, प्रत्येक हॉलमध्ये, प्रत्येक फेरीला तू माझी खुर्ची मांडत होतास आणि मोकळी ठेवत होतास, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून, मग वालाच्या डब्याशेजारी बसून, ती तुझी चूक म्हणून मिरवत होतो. लोकांना सांगितलंय मी. "त्याला शेवटचा व्हय नाय येत." मधूला सांगितलं, गुलाबला सांगितलं, कंपनीतल्या निम्म्या लोकांना सांगितलं. पुलावर तू तोंड उघडलंस ते हेच सांगायला ना? मग मिटलंस का? दोन वाक्यं लागली असती. की मी पांगळं म्हणालो त्याचा तुला राग आला, आणि तू म्हणालास, बस मग असाच?

तुला वाटत असेल, आता जनू विरघळला. नाही विरघळलो. उलट काल घरी येताना गाडीत मला जास्तच राग आला. संदेष्ट्याची खुर्ची मला कशाला पाहिजे होती? तो दिसत नाही, बोलत नाही, त्याचं पोट भरलेलं असतं. मला तुझ्या शेजारी उलटा डबा पाहिजे होता, रंगाचा. तू मान देऊन मला बाहेर ठेवलंस. आणि तो मानही असा की ज्याला दिला त्यालाच कळू नये. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून समजत नाहीये, पण फसवणं ह्याच्याजवळचाच शब्द आहे तो.

मयुरीनं विचारलं, "काका, हा ठेका स्पेनचा ना? कॅसेटवर तसं आहे."

तीस वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होतो, तूच तो कुणाच्या तरी तोंडून मला विचारायला लावलास. मी म्हणालो, "नाय गो बाय. निडीचा."

"निडी? नागोठण्याच्या पुढचं स्टेशन, ते?"

"तेच. माझ्या चुलत्याचा. आप्पांचा."

तिनं पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं. निडी, आप्पा. मग माझं नाव विचारलं आणि तेही लिहिलं. मी तिच्या तोंडाकडे नीट बघत होतो. ती हसली नाही, रहमिन. एकदाही हसली नाही. तू उगाच घाबरलास.

मग तिनं वही मिटली आणि म्हणाली, "म्हणजे त्या जागेवर काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी वाजवते, तुम्ही भरा ना. टेबलावर मारा नुसतं." रिबकानं माझ्यापुढची बशी उचलली आणि टेबल मोकळं केलं. 

मयुरीनं सुरू केलं. हाय नाय, हाय नाय. तिचा हात वर गेला आणि थांबला. माझा हातही उचललेला होता, बोटं उघडलेली, टेबलापासून वीतभर वर. सगळे माझ्याकडे बघत होते. ती जागा आली, आणि गेली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा गेली. मी हात खाली आणला नाही, आणि मागेही घेतला नाही.

रिबकाला सांगितलंय की पुढच्या रविवारी येतो, आणि मयुरीलाही बोलावून ठेव. आज सकाळी ढोलकी खाली काढून पुसली, कड्या ओढल्या, ती उन्हात ठेवलीय. पण त्या रविवारी तू सोडलेल्या जागेत हात पडेलच, असं कबूल करत नाही. तू मला तीस वर्षं ताटकळत ठेवलंस. व्हय लगेच नाय बोलायचा, हे तुला मीच शिकवलंय. आता तू थांब.